'हिवाळी नैराश्य' : एका संज्ञेची चिकित्सा

परभाषेतील शास्त्रीय संज्ञा मराठीत आणताना आपण बहुधा पदास पद देतो, आणि अर्थ मागोमाग येईल असे गृहीत धरतो. 'हिवाळी नैराश्य' ही अशा रीतीने रूढ होऊ पाहणारी एक संज्ञा होय. लंडन, टोरांटो यांसारख्या शहरांत वास्तव्य करणाऱ्या मराठी भाषकांना तिची गरज पडते, म्हणून तिची चिकित्सा हा केवळ कोशकारांच्या आवडीचा विषय राहत नाही. या संज्ञेतील दोन्ही पदे रोग्याला व त्याच्या आप्तांना योग्य उपायापासून दूर नेतात, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

मूळ इंग्रजी संज्ञा 'सीझनल अफेक्टिव्ह डिसॉर्डर' ही होय. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे ती प्रचारात आली. रोझेन्थाल हे दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचे. १९७६ साली ते न्यूयॉर्कला आले, आणि तेथील हिवाळ्यात आपली स्वतःची उमेद ओसरते हे त्यांच्या ध्यानी आले. उजेडाच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला अंधाराचा परिणाम जाणवावा, हे आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. या संज्ञेच्या आद्याक्षरांतून 'सॅड' असा शब्द सिद्ध होतो. स्मरणास तो सोयीचा खरा. परंतु त्यामुळे एका व्याधीला साध्या खिन्नतेची कळा येते. मराठी रूपांतराने हा दोष टाळला, पण दुसरे दोन पत्करले.

प्रथम 'हिवाळी' हे पद पाहू. 'हिवाळा' हा शब्द 'हिमकाल' यापासून आला, जसा 'उष्णकाल' यापासून 'उन्हाळा'. म्हणजे या शब्दाच्या गाभ्याशी थंडी आहे. आपल्याकडे ते यथार्थही आहे. मुंबईत वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. तेव्हा हिवाळ्याची ओळख पटते ती गारव्याने, अंधाराने नव्हे. किंबहुना स्वच्छ आकाशाचा व कोवळ्या उन्हाचा हा ऋतू मराठी मनाला प्रसन्नच वाटतो. लंडनमध्ये मात्र डिसेंबरअखेरचा दिवस ८ तासांहूनही थोडा लहान असतो, टोरांटोत सुमारे ९ तासांचा. या व्याधीच्या कारणांत प्रमुख मानला जातो तो प्रकाशाचा हा ऱ्हास. डोळ्यांतील दृष्टिपटलावर पडणाऱ्या उजेडाने शरीरातील दैनंदिन घड्याळ लावले जाते, आणि सकाळ उशिरा उजाडू लागली की ते मागे पडते असे एक प्रमुख मत आहे. 'हिवाळी' म्हणताच ऐकणारा थंडीचा विचार करतो. दूरध्वनीवर "हिवाळ्यात मला फार जड जातं" असे मुलीने म्हटले, तर "स्वेटर घालत जा गं" असे आई सांगणार! आईचे काही चुकले नाही. तिला मिळालेल्या शब्दाने तिला तेथवरच नेले.

उत्तरेकडील भाषांनी येथे निराळी वाट घेतली आहे. आइसलँडी भाषेत या काळाला 'स्काम्देगी' म्हणतात. त्याचा अवयवार्थ 'आखूड दिवसांचा काळ'. नॉर्वेजियनमधील 'म्योर्केतिद' म्हणजे 'अंधारवेळ'. फिनिश भाषेत ध्रुवीय रात्रीला 'कामोस' असे नाव असून या व्याधीचे नाव त्यावरूनच बनले आहे. तिन्ही भाषांनी थंडीला वगळून नेमके उजेडाच्या अभावावर बोट ठेवले. आइसलँडमध्ये या व्याधीचे प्रमाण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी आढळले, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले. त्यावरून शब्दाने रोग टळतो असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. आनुवंशिकता, आहार, राहणी अशी अनेक कारणे संभवतात. एवढे मात्र म्हणता येईल की ज्या भाषेत कारण नावातच आहे, त्या भाषकाला ते शोधत बसावे लागत नाही.

आता 'नैराश्य' या पदाकडे वळू. 'निराश' म्हणजे ज्याची आशा गेली तो. परंतु या व्याधीच्या हिवाळी प्रकारात पुष्कळदा दिसतात ती लक्षणे अशी : झोप वाढणे, अंग जड होणे, गोड व पिष्टमय पदार्थांची ओढ लागणे, वजन वाढणे, माणसांत मिसळण्याचा कंटाळा येणे. अशा माणसाला आपण निराश आहोत असे वाटेलच असे नाही. तो स्वतःला आळशी म्हणेल, आणि घरचेही तेच म्हणतील. 'नैराश्य' हा शब्द त्याला आपला वाटत नाही, म्हणून त्याविषयी लिहिलेले काहीही तो आपल्यासाठी समजत नाही. याउलट 'अवसाद' हा शब्द 'सद्' या धातूपासून आला असून त्यात खचण्याचा, खाली बसण्याचा अर्थ आहे. तो मनाला लागू पडतो तसाच शरीरालाही. शास्त्रीय लेखनात 'अल्पप्रकाशजन्य अवसाद' अशी संज्ञा योजिल्यास कारण व लक्षण ही दोन्ही तीत येतील.

ही संज्ञा बोजड आहे, घरात कोणी ती उच्चारणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. घरगुती बोलण्यासाठी आपल्यापाशी 'मळभ' हा शब्द आहेच. मनावर मळभ आले असे आपण सहज म्हणतो, आणि त्यात उजेड अडल्याची जाणीव आहे. तथापि या शब्दालाही मर्यादा आहे. मळभ आपोआप सरते, त्यासाठी कोणी वैद्याकडे जात नाही. ही व्याधी बहुधा वसंतात ओसरते हे खरे. परंतु दरवर्षी चार-पाच महिने वाट पाहत बसणे हा उपाय नव्हे, आणि काही रोग्यांत ती जीवावर बेतण्याइतकी तीव्र होऊ शकते. म्हणून 'मळभ' हा शब्द संभाषणाला आरंभ करून देणारा मानावा, निदान करणारा नव्हे.

नावाचा उपायाशी काय संबंध, असे विचारले जाईल. या व्याधीवर सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्स तीव्रतेच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचार प्रचलित आहे. घरातील दिव्यांचा उजेड बहुधा काहीशे लक्सच असतो. डोळ्यांचे विकार वा उन्मादाचा पूर्वेतिहास असल्यास हा उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचा असतो. दुसरा उपचार बोधात्मक वर्तनोपचाराचा. केली रोहन यांच्या अमेरिकेतील अभ्यासात उपचार संपताना दोहोंचा गुण सारखाच आढळला. परंतु दुसऱ्या हिवाळ्यात व्याधी उलटण्याचे प्रमाण दिव्याच्या गटात सुमारे ४६ टक्के, तर वर्तनोपचाराच्या गटात सुमारे २७ टक्के होते. या वर्तनोपचाराचा मोठा भाग म्हणजे हिवाळ्याविषयी आपण स्वतःशी जी वाक्ये बोलतो ती तपासणे. "मी आळशी आहे" या वाक्याच्या जागी "उजेड कमी झाला आहे, म्हणून मी खचतो आहे" हे वाक्य आले, तर रोग बरा झाला असे नव्हे. परंतु दोष स्वभावावरून परिस्थितीकडे सरकला, आणि परिस्थितीवर काही करता येते.

परिभाषा सिद्ध करणाऱ्यांनी व अनुवादकांनी मूळ पदांचे प्रतिशब्द शोधण्यापूर्वी, ही संज्ञा कोण कोणाशी बोलताना वापरणार आहे, एवढे विचारावे. येथे ती वापरणार आहे परदेशातील एक खचलेली व्यक्ती, आणि ऐकणार आहेत सोलापूर वा रत्नागिरीच्या भर उन्हात बसलेले तिचे आईवडील. त्यांना अंधाराची कल्पना देईल असा शब्द पुरवणे हे मराठीच्या अभ्यासकांचे काम आहे.