कापसाचे गाणे कोणाचे?

हिंगणघाट आणि मिसिसिपी यांचे नाते कापसाचे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि ‘हिंगणघाट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या कापसाला एकाएकी मोल आले. या व्यापाराचा इतिहास सविस्तर लिहिला गेला आहे. कापूस वेचणाऱ्यांच्या आवाजाचे काय झाले, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे मागेच राहिला. तो विचारण्यासाठी १९६६ सालचा एक अल्बम उपयोगी पडतो : ‘कंट्री चार्ली प्राइड’.

चार्ली प्राइडचा जन्म १९३४ मध्ये मिसिसिपीतील स्लेज या गावचा. वडील बटाईने शेती करीत आणि पोरांनी कापूस वेचायचा, हा घराचा रिवाज. पुढे तो कृष्णवर्णीयांच्या संघांतून बेसबॉल खेळला, मोंटाना राज्यात धातू वितळवणाऱ्या कारखान्यात राबला, आणि मग नॅशव्हिलला गायला गेला. तो ज्या ‘कंट्री’ संगीतात उतरला, ते अमेरिकेच्या दक्षिणेतील खेड्यापाड्यांचे संगीत. पण बाजारात ते गोऱ्यांचे म्हणून विकले जात होते.

ही वाटणी मातीतून आलेली नव्हती. ती दुकानातून आली. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतल्या गाण्यांच्या दोन याद्या केल्या. काळ्या गायकांची ती ‘रेस’, गोऱ्यांची ती ‘हिलबिली’. ज्या बँजोवाचून हिलबिली गाणे उभे राहत नसे, त्याचे मूळ आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांत होते. यादीने त्याची दखल घेतली नाही.

म्हणून आरसीए कंपनीने प्राइडच्या पहिल्या तबकड्या रेडिओ केंद्रांकडे धाडल्या त्या नेहमीच्या छायाचित्राविना. नावाला मात्र ‘कंट्री’ हा शब्द जोडलेला होता. चेहरा झाकायचा आणि शिक्का ठळक मारायचा, अशी ही युक्ती. डेट्रॉइटच्या मोठ्या कार्यक्रमात तो मंचावर येताच टाळ्या विरल्या, तेव्हा आपला रंग ‘कायमचा रापलेला’ आहे असा विनोद करून त्याने सभा सांभाळली. प्राइडची गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते आणि अल्बम ऐकायचा राहून जातो.

अल्बममध्ये बारा गाणी आहेत आणि त्यांतली बरीचशी आधीच गाजलेली. पहिलेच ‘बस्टेड’ : कापसाचा भाव पडून कर्जात रुतलेल्या माणसाचे गाणे. हार्लन हॉवर्डचे हे गीत १९६३ मध्ये जॉनी कॅश आणि रे चार्ल्स या दोघांनीही गायले होते. कॅशची तबकडी कंट्रीच्या यादीत चढली, चार्ल्सची ‘रिदम अँड ब्लूज’च्या. शेत तेच, भाव तोच, शब्दही जवळपास तेच. फळ्या तेवढ्या दोन. प्राइडने तेच गाणे कंट्रीच्या फळीवर नेऊन ठेवले. ‘डेट्रॉइट सिटी’त शहरात पोट भरणाऱ्या माणसाला गावचे कापसाचे रान स्वप्नात दिसते. प्राइडच्या तोंडी हे गाणे येते, तेव्हा त्या रानात बोंडे वेचलेला माणूसच ते गात असतो.

आक्षेप घ्यायचा तर तो सावधपणावर घेता येईल. त्याचा भरदार खर्ज नॅशव्हिलच्या चौकटीत इतका नेमका बसतो की कुठे काही खुपत नाही. उसनी गाणी आणि नितळ उच्चार. स्वतःच्या आयुष्याचा थेट उल्लेख नाही. पण त्याने गोऱ्यांची नक्कल केली, हा आरोप टिकत नाही. त्याच्या घरातल्या रेडिओवर वडील ‘ग्रँड ओल ऑप्री’ लावत. ते संगीत त्याचेही वारशाचेच होते. अल्बमला पुढे ‘गोल्ड’ प्रमाणपत्र मिळाले, १९७१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षाचा सर्वोत्तम कलावंत ठरवले. ऐकणाऱ्यांच्या कानांनी यादीवाल्यांचा हिशेब चुकवला. तरी एक खंत उरते : दार त्याच्यापुरते उघडले. त्याच्यामागून फार थोड्या काळ्या गायकांना आत येता आले.

आता वर्ध्याकडे वळू. इथल्या पऱ्हाटीत पाठ मोडून वेचणी करतात त्या प्रामुख्याने बाया, आणि त्यांतल्या कितीतरी भूमिहीन घरांतल्या. वेचणीच्या आरंभीचे सीतादही आपल्या लेखकांना ठाऊक आहे. बायांची गाणीही ‘लोकगीते’ म्हणून संग्रहांत छापली गेली. पण गाणारीचे नाव बहुतेकदा गळाले. गी पॉयट्वां आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करताना प्रत्येकीचे नाव-गाव टिपले, म्हणून ते काम वेगळे ठरते. प्राइडचे छायाचित्र लपवले गेले, पण तबकडीवर नाव होते आणि त्याच्या हिशेबाने पैसेही आले. आपण मात्र ‘लोक’ या एका शब्दात चेहरा, नाव आणि मोबदला तिन्ही झाकून टाकतो, आणि त्याला गौरव म्हणतो.

वऱ्हाडी गाण्याचा पुढचा संग्रह हाती आला की आधी अनुक्रमणिका पाहावी. तिथे गाण्यांसमोर माणसांची नावे आहेत का?