लाल कानाचे कासव कोणत्या यादीत?

मत्स्यालयाच्या दुकानात नाण्याहून जरासे मोठे, हिरवेगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासवाचे पिल्लू मिळते. वर्गातला एखादा मुलगा ते डब्यातून घेऊन येतो आणि विचारतो, ‘‘बाई, हे पाळायला परवानगी लागते का?’’ उत्तरासाठी आम्ही परदेशी सरपटणाऱ्या प्राण्यांविषयीचे नियम वाचले. नियम वाईट नाहीत, पण नेमक्या या मुलाच्या प्रश्नापाशी ते लंगडे पडतात.

१९७२चा वन्य जीव (संरक्षण) कायदा मुख्यतः देशी प्राण्यांसाठी केलेला. आपले तारांकित कासव घरात ठेवणे गुन्हा, पण इग्वाना ठेवला तर विचारणारे कोणी नाही, अशी स्थिती अनेक वर्षे होती. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांत आपणहून माहिती देण्याचे आवाहन केले. पुढे २०२२च्या दुरुस्तीने कायद्यात नवी चौथी अनुसूची आली. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांतले प्राणी तीत आहेत. हिरवा इग्वाना, बॉल पायथन हे त्यांतलेच. असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी कशी करायची, हे २०२४च्या नियमांत सांगितले आहे.

लाल कानाचे कासव मात्र साइट्सच्या परिशिष्टांत नाही. असावे तरी कशाला? अमेरिकेत त्याची शेतीच चालते! व्यापारामुळे हा प्राणी संपेल का, एवढेच साइट्स विचारते. या प्राण्यामुळे इथले काय संपेल, हा आपल्या तळ्यापुढचा प्रश्न. पिल्लू वाढत वाढत ३० सेंटिमीटरपर्यंत जाते, वीस-तीस वर्षे जगते. पाणी घाण होते, घरचे कंटाळतात आणि पुण्य समजून त्याला देवळाच्या तळ्यात सोडून येतात. तिथे देशी कासवांच्या खाण्यात आणि ऊन खाण्याच्या जागेत ते वाटेकरी होते. जगातल्या शंभर अति उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७मध्येच थांबवली.

२०२२च्या दुरुस्तीत आक्रमक परकीय प्रजातींसाठी ६२अ हे वेगळे कलम आहे. आयात, व्यापार, बाळगणे या सर्वांवर सरकार त्याखाली बंदी घालू शकते. पण हा केवळ अधिकार आहे. अधिसूचना निघेल त्या प्रजातीलाच तो लागू होणार. इग्वानाच्या मालकावर कायद्याने थेट नोंदणीचे बंधन घातले, तसे इथे नाही. धोक्याच्या मानाने हे उलटेच झाले, असे आम्हांला वाटते.

तेव्हा त्या मुलाला काय सांगावे? चौथ्या अनुसूचीची नोंदणी याला लागत नाही. मात्र ते तळ्यात कधीही सोडायचे नाही, नको झाले तर वन खात्याला विचारायचे. आणि डब्यातले कासव आधी नीट पाहून घ्यावे. आपल्या छपरी कासवाच्याही डोळ्यामागे नारिंगी-लाल कोर असते. पण त्याच्या पाठीचा मधला भाग घराच्या आढ्यासारखा उंचावलेला असतो. ते पहिल्या अनुसूचीत आहे, घरी ठेवताच येत नाही.