वर्षभराच्या वाचनाची चौकट

ठरलेल्या मुदतीत ठरलेले वाचन करायचे, ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाही. रमजानमध्ये रोज एक पारा या हिशेबाने तीस दिवसांत खत्म पुरा करायचा, हे गणित आपल्या शाळकरी पोरांनाही येते. शेजारच्या वारकरी घरात सात दिवसांचे पारायण बसते. तेथे ग्रंथ एक असतो आणि तो पवित्र असतो, त्यामुळे काय वाचायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. अमेरिकेत गेल्या दहा-पंधरा वर्षांत जी वार्षिक वाचन-आव्हाने रुजली, त्यांची रीत याच्या उलट आहे. तेथे ग्रंथ ठरलेला नसतो, ठरलेली असते फक्त अट. 'मूळ दुसऱ्या भाषेत लिहिलेले पुस्तक', 'शीर्षकात आकडा असलेले पुस्तक', 'आफ्रिकेतल्या लेखकाचे पुस्तक' अशा अटींची यादी जानेवारीत निघते. वाचकाने आपापली पुस्तके शोधून डिसेंबरपर्यंत एकेका अटीवर खूण करायची.

'गुडरीड्स'ने २०११पासून चालवलेले आव्हान निव्वळ आकड्याचे आहे. वर्षात किती पुस्तके वाचणार ते आधी सांगा आणि तेवढी संपवा. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. आकडा गाठायचा म्हटला की माणूस बारीक पुस्तके निवडतो, हे कोणत्याही ग्रंथपालाला ठाऊक आहे. खऱ्या अर्थाने परीक्षण करावे अशा दोन याद्या आहेत. एक 'पॉपशुगर'ची आणि दुसरी 'बुक रायट'ची, जिचे नाव 'रीड हार्डर' आणि जिच्या २०१५च्या पहिल्या यादीत २४ कामे होती. आम्ही तालुक्याच्या गावात राहणारे आठ मुस्लीम वाचक. आमच्यात दोन शिक्षक, एक निवृत्त कंडक्टर, दोन गृहिणी, बाकीचे दुकानदार आणि विद्यार्थी. या दोन्ही याद्यांच्या वेगवेगळ्या वर्षांतल्या अटी एकत्र करून, त्यांचे मराठी करून, वर्षभर आम्ही त्यांच्यावर वाचन केले. ज्या अटींनी आमचे कपाट हलवले त्यांच्याबद्दल आणि ज्या एका अटीने आमचे डोके हलवले तिच्याबद्दल येथे लिहीत आहोत.

पोरकट अटी आधी बाजूला काढू. 'शीर्षकात रंग', 'आपल्या आद्याक्षरांचा लेखक', 'मुखपृष्ठ पाहून निवडलेले पुस्तक' यांनी वाचकाचे काही बिघडत नाही आणि काही घडतही नाही. 'पॉपशुगर'च्या २०१५च्या यादीत 'नाताळात घडणारे पुस्तक' अशी एक अट होती. आम्ही तिचे 'रमजानात किंवा मोहरमात घडणारे मराठी पुस्तक' असे रूपांतर केले. महाराष्ट्रात गावोगावी पंजे बसतात, सवाऱ्या निघतात, त्यांना खांदा देणारे निम्मे लोक हिंदू असतात. तरीही तालुक्याच्या ग्रंथालयात या अटीखाली देण्याजोगे पुस्तक शोधताना आमचा महिना गेला आणि शेवटी दोन आत्मकथनांतली चारदोन पाने हाती आली. गंमत म्हणून बदललेली अट होती, पण ती संपताना गंमत राहिली नाही.

काही अटी मात्र दिसायला साध्या, पण कामाला चोख निघाल्या. 'कथासंग्रह' ही एक, 'तिशीच्या आतल्या लेखकाचे पुस्तक' ही दुसरी आणि 'आपल्या जन्मवर्षी प्रसिद्ध झालेले पुस्तक' ही तिसरी. या तिन्ही अटींनी आम्हाला हमीद दलवाईंकडे नेले. दलवाई १९३२चे. 'लाट' हा कथासंग्रह १९६१ साली आला तेव्हा ते तिशीच्या आतच होते. 'इंधन' ही कादंबरी १९६५ची, आमच्यातल्या निवृत्त कंडक्टरांच्या जन्मवर्षाची. दलवाई म्हटले की आपल्या मोहल्ल्यात लगेच दोन तट पडतात. १९६६चा मोर्चा, १९७०चे मुस्लीम सत्यशोधक मंडळ, त्यांचे लेख, त्यांची भाषणे यांवर प्रत्येकाचे मत तयार असते. त्यांच्या कथांवर मत असणारा माणूस शोधावा लागतो. यादीतल्या अटी दलवाईंचे विचार विचारत नव्हत्या. त्यांना फक्त कथासंग्रह हवा होता आणि एका वर्षाची कादंबरी हवी होती. त्यामुळे बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, दोघेही भांडण दाराशी ठेवून आत आले.

'इंधन' वाचताना आमच्या बैठकीत जो मुद्दा निघाला तो नोंदवण्यासारखा आहे. आजारी होऊन कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक गावात धुमसत असलेले सारे पाहतो. मुसलमान घरांची मिजास, कुळवाड्यांचा साचलेला राग, बायकांच्या देहांवरून चाललेले व्यवहार त्याला दिसतात, पण त्याच्याने काही थांबवता येत नाही. समाज समजावून सांगितल्याने बदलेल, या भरवशावर कार्यकर्त्या दलवाईंनी आपले उरलेले आयुष्य वेचले. १९७७ साली ते गेले तेव्हा पंचेचाळीसही पूर्ण नव्हते. कादंबरीकार दलवाईंजवळ मात्र हा भरवसा दिसत नाही. मोर्चाच्या आदल्याच वर्षी लिहिणारा हा लेखक आपल्या निवेदकाला बघ्याची जागा देतो आणि कोणत्याही जमातीला सवलत देत नाही. आमचे मत असे की कादंबरीकार कार्यकर्त्यापेक्षा अधिक खोल पाहत होता. आमच्यातल्या दोघांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे, ज्याने एवढा अंधार पाहिला त्यालाच मोर्चा काढावासा वाटतो. वाद मिटला नाही, पण तो 'इंधन'च्या पानांवरचा वाद होता. एरवी दलवाईंवर आपल्याकडे जे बोलले जाते ते त्यांची एकही कथा न उघडता बोलले जाते.

'१८५०पूर्वीचे पुस्तक' या अटीवर एका विद्यार्थ्याने आधी इंग्रजी पुस्तकांची नावे आणली. त्याला आम्ही शेख महंमद श्रीगोंदेकरांचा 'योगसंग्राम' दिला. सतराव्या शतकातला ग्रंथ, ओवीबद्ध, लढाईच्या रूपकात मांडलेला मनाचा झगडा. ओवीगणिक अडखळावे लागते हे खरे. पण जे पोर शाळेत 'तुझी भाषा मराठी कशी?' असा प्रश्न ऐकत वाढले, त्याला आपल्या नावाचा माणूस साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत ओव्या रचत होता हे हाताने पाने उलटून कळणे, याला मोल आहे. अंबर हुसेनाने गीतेवर मराठी टीका लिहिली, हे त्याने मग स्वतःहून शोधले. या अटीने त्याला कोणाचा धर्म विचारला नव्हता, फक्त काळ विचारला होता.

'आफ्रिकेतल्या लेखकाचे पुस्तक' म्हणून सेनेगलच्या मारियामा बा यांची १९७९ची छोटी कादंबरी घेतली. मूळ फ्रेंच, आमच्या हाती इंग्रजी भाषांतर, 'सो लाँग अ लेटर'. रामातुलाय ही शिक्षिका नवऱ्याच्या मृत्यूनंतर इद्दतीत बसली आहे आणि आपल्या जिवलग मैत्रिणीला पत्र लिहिते आहे. नवऱ्याने उतारवयात दुसरे लग्न केलेले, तेही आपल्याच मुलीच्या वर्गमैत्रिणीशी. मैत्रिणीच्याही नवऱ्याने दुसरी आणली होती, ती मात्र तलाक घेऊन निघून गेली. एक राहिली, एक गेली, आणि लेखिका दोघींपैकी कोणालाही चूक ठरवत नाही.

हे पुस्तक आम्ही 'रीड हार्डर'च्या २०१६च्या यादीतल्या दुसऱ्या एका अटीला जोडले. 'कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा' ही ती अट. आमच्या मते अशा सर्व याद्यांतली ही सर्वांत चांगली अट आहे, आणि ती लिहिणाऱ्याला आपल्या घरांत तिचा काय अर्थ होईल याची कल्पना नसणार. आपल्या घरांतल्या किती नानी-दादी कुरआन सुरेख वाचतात, अरबी अक्षर त्यांना पाठ आहे, पण देवनागरी येत नाही. त्या मराठी बोलतात, बाजारात मराठीत घासाघीस करतात, मराठी मालिका पाहतात. मराठी पुस्तक मात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. अमर शेखांच्या 'कलश' आणि 'धरतीमाता'मधल्या कविता त्यांना वाचून दाखवताना अडचण आली नाही, कारण शाहिराची कविता कानासाठीच असते. 'इंधन'मधली काही पाने नानीपुढे वाचायला कोणाची जीभ धजली नाही, तेही सांगून टाकू. रामातुलायची गोष्ट मात्र एका गृहिणीने इंग्रजीतून थेट दखनीत सांगत सांगत आपल्या नानीला ऐकवली. नानीला सेनेगल कुठे आहे याच्याशी देणेघेणे नव्हते. तिने मध्येच थांबवून विचारले, "इद्दत उठी, फिर कौन आया पूछनेकू?" पुढच्याच भागात नवऱ्याचा थोरला भाऊ चाळिसाव्यानंतर लगेच, इद्दत उठण्याची वाटही न पाहता, मागणी घालायला येतो. कथानकाचा अंदाज इतका अचूक बांधणारा वाचक आम्हा आठांत नव्हता. मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' हे १९९५चे आत्मकथन आता तिला ऐकवणे चालू आहे. त्या पुस्तकावर ती बरेच वाद घालते.

आता त्या एका अटीकडे येतो. 'पॉपशुगर'च्या २०२१च्या यादीत 'मुस्लीम अमेरिकन लेखकाचे पुस्तक' अशी अट होती. त्याच यादीत, त्याच तोलाची, दुसरी एक अट होती: 'मुखपृष्ठावर बदाम, चौकट, किलवर किंवा इस्पिक असलेले पुस्तक'. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जे वाचक एरवी मुसलमान लेखकाचे पुस्तक हातात घेत नाहीत त्यांनी एकदा घ्यावे, ही त्यामागची इच्छा उघड आहे. त्या वर्षी काही हजार लोकांनी असे पुस्तक घेतलेही असेल. पण अटीचा स्वभावच असा की एक खूण केली की काम संपते. बदामाचे पुस्तक झाले, मुसलमानाचे झाले, आता पुढचे. लेखकाने काय लिहिले आणि कसे लिहिले हे विचारायला रकानाच नाही.

आपल्याला हा रकाना ओळखीचा आहे. मराठी दिवाळी अंकात ईदवरचा एक लेख, परिसंवादात एक मुस्लीम वक्ता, पाठ्यपुस्तकात एक धडा. वक्त्याने कादंबरीवर बोलायचे ठरवले तरी त्याला प्रश्न येतात ते तलाकवर. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. ते संतसाहित्याचे आणि फार्सी-मराठी संबंधांचे अभ्यासक. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष फ. म. शहाजिंदे. मोठ्या घराच्या मधल्या खोलीत आपला माणूस बसला त्याच वर्षी आपण वेगळे घरही बांधले. वेगळे घर बांधणे गरजेचे होते असेच आम्ही मानतो. आपण कपाट केले म्हणून आपली पुस्तके एका ठिकाणी सापडू लागली. रकाना दुसऱ्याने आखलेला असतो आणि त्यात एकच पुस्तक मावते. कपाटात पुस्तके एकमेकांशी भांडूही शकतात.

मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) आम्ही मुद्दाम या अटीखाली ठेवून पाहिले. वडील शाहीर अमर शेख, कम्युनिस्ट. आई हिंदू घरातली. नवरा नामदेव ढसाळ, दलित पँथरचे संस्थापक. ही बाई कोणत्या रकान्यात बसवाल? मुस्लीम, दलित, डावी, स्त्री, प्रत्येक रकाना तिच्या एका बाहीला धरून ओढतो. पुस्तक मात्र एका लग्नाचे आणि एका बाईच्या संतापाचे आहे. कोणत्याही एका खुणेने ते वाचून होत नाही. इलाही जमादारांचे उलटे. २०२१ साली ते गेले तोवर त्यांच्या गझला साऱ्या महाराष्ट्राने गायल्या, ऐकल्या, आणि 'मुस्लीम लेखक' म्हणून त्यांना कोणी हाती घेतले नाही. तेथे गझल हाच रकाना पुरेसा होता. आम्हाला हे चांगले वाटते, आणि थोडी खंतही वाटते, कारण उर्दूची जी जमीन त्यांच्या शब्दांखाली होती तिच्याकडे मग कोणी वळून पाहत नाही.

यादीतली एक जागा वर्षअखेर रिकामी राहिली. 'सूक्ष्म इतिहास', म्हणजे एका लहान गोष्टीचा, एका धंद्याचा, एका माणसाचा बारकाईने लिहिलेला इतिहास. इटलीच्या कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७६ साली सोळाव्या शतकातल्या एका गिरणीवाल्यावर अख्खे पुस्तक लिहिले. त्या तोडीचे पुस्तक आम्हाला पिंजाऱ्यावर हवे होते. धनुकलीचा आवाज गल्लीत येई आणि गाद्या बाहेर निघत, तो आवाज ऐकलेली माणसे अजून आहेत. मणियार, आतार, तांबोळी, मुलाणी, बागवान यांच्यावरही चालले असते. जातींच्या नोंदी सापडल्या, माणूस सापडला नाही.

यंदाची यादी आम्ही स्वतः केली. अटी बाराच ठेवल्या, महिन्याला एक. 'मुस्लीम लेखकाचे पुस्तक' ही अट ठेवावी की काढावी यावर दोन रविवार गेले आणि ती निघाली. तिच्या जागी कंडक्टरसाहेबांनी सुचवलेली अट आली: 'ज्या पुस्तकात अजान होते, पण लेखक तिचा अर्थ सांगत बसत नाही'. मोठ्याने वाचण्याची अट कायम आहे. पिंजाऱ्याची जागा रिकामीच ठेवली असून शिक्षकांपैकी एकाने आपल्या चुलत्याकडे, ज्यांच्या माळ्यावर धनुकली अजून टांगलेली आहे, वही घेऊन बसायला सुरुवात केली आहे.