‘जड धातू जिवाणूंना मारतात’ : एक अपुरे वाक्य

जड धातू जिवाणूंना मारक असतात, असे आपण वर्गात सहज सांगतो. फळ्यावर कशाभिका हलवत एकटाच पोहणारा जिवाणू काढतो. वाक्य खोटे नाही. पण हे वाक्य आणि ते चित्र मिळून मुलांची दिशाभूल करतात, असे आम्हाला वाटते.

मारुंजीच्या शाळेतली मुले घेऊ. गावाच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुळा. पुढे दापोडीजवळ दोघी मिळतात. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या प्लेटिंगच्या कामात निकेल, क्रोमिअम, जस्त वापरतात. असे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत गेले तर काय होईल? वरच्या वाक्यावरून मूल म्हणेल, ‘जिवाणू मरतील, म्हणजे बरेच झाले!’

प्रत्यक्षात धातूची मात्रा मारक होण्याआधीच बरेच काही घडते. ई. कोलाय हा जिवाणू निकेल आणि कोबाल्टपासून दूर पोहत जातो. मात्रा वाढली की पोहणे मंदावू शकते. काही जिवाणू दगडाला, पाइपाला चिकटून एकत्र राहतात आणि भोवती बुळबुळीत थर तयार करतात. यालाच जैवपटल म्हणतात. थरातील चिकट द्रव्य धातूचे कण अडवते. स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूवर टाइट्झेल आणि पार्सेक यांनी २००३ मध्ये काम प्रसिद्ध केले. तांबे, शिसे व जस्त यांना त्याचे जैवपटल सुट्या पेशींपेक्षा २ ते ६०० पट अधिक तोंड देते, असे त्यांना आढळले. अर्थात प्रत्येक धातूने जैवपटल वाढतेच असे नाही. धातू, मात्रा आणि जिवाणूची जात यांवर ते ठरते.

पुण्यातलेच उदाहरण पाहा. ढाकेफळकर आणि चोपडे यांनी परिसरातून मिळवलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जिवाणूंवरील शोधनिबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. या जिवाणूंत अनेक धातूंना मोठा प्रतिकार दिसला आणि त्याचा प्रतिजैविकांच्या प्रतिकाराशी सहसंबंधही आढळला. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हेही मुलांना सांगावे. पण दोन्ही प्रतिकारांची जनुके एकाच प्लाझ्मिडवर असू शकतात. तेव्हा धातूंमुळे औषधांना न जुमानणारे जिवाणूही टिकून राहतात. शिवाय ॲसिनेटोबॅक्टरला कशाभिका नसतात. त्याच्या नावाचा अर्थच ‘न हलणारा’. आपल्या चित्रात तो बसतच नाही.

म्हणून फळ्यावर पोहणाऱ्या जिवाणूशेजारी दगडावरचा थरही काढावा, आणि वाक्य असे लिहावे : ‘जड धातूंमुळे काही जिवाणू मरतात, काही दूर जातात, काही चिकटून तग धरतात.’ मग ‘उरले कोण?’ हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील.