न जोडलेला दुवा

"दुरुस्ती झाली, #12 पाहा." गिटहबवर एखाद्या प्रकल्पाच्या चर्चेत असे चार शब्द लिहून पाठवले की त्यातले #12 निळे होते. त्यावर टिचकी मारली की बारावा इश्यू, म्हणजे त्या क्रमांकाची तक्रार किंवा सूचना, समोर उघडतो. लिहिणाऱ्याने पत्ता दिलेला नसतो, कंस घातलेले नसतात. दुवा आपोआप लागतो. हेच वाक्य त्याच प्रकल्पातल्या बदलांच्या नोंदवहीत, म्हणजे मार्कडाउनच्या एखाद्या फाइलमध्ये लिहिले तर मात्र #12 काळेच राहते. चर्चेत मिळणारी ही सोय रेपोमधल्या, म्हणजे प्रकल्पाच्या भांडारातल्या, फायलींना खुद्द गिटहबही देत नाही, आणि ती फाइल उचलून स्वतःच्या संकेतस्थळावर नेली तर प्रश्नच मिटला. खूण जागच्या जागी असते, पण मुकी.

या मुक्या खुणांना वाचा देणारे एक छोटे प्लगिन आहे: रीमार्क-गिटहब. मार्कडाउन वाचणाऱ्या रीमार्क या साधनाचा कर्ता टायटस वर्मर, आणि हे प्लगिनही त्याच घराण्यातले. काम एका वाक्यात सांगता येते: मजकुरात कमिट (म्हणजे नोंदवलेला बदल), इश्यू किंवा माणूस यांचा उल्लेख आला की गिटहब लावते तसा दुवा लावायचा. इतके साधे काम 'शोधा आणि बदला' या दोन ओळींत उरकता येईल, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. म्हणून त्याचा सोर्स उघडला, आणि जेमतेम काही शे ओळींच्या त्या फाइलपाशी एक अख्खी संध्याकाळ गेली. तिच्यात दुवा लावणाऱ्या ओळी थोड्या आहेत. कुठे लावायचा नाही हे ठरवणाऱ्या ओळींतच खरी करामत आहे.

पहिली गोष्ट, हे प्लगिन मजकुराकडे सलग अक्षरांची माळ म्हणून पाहत नाही. रीमार्क आधी सगळ्या मार्कडाउनचे एक झाड करते: परिच्छेद ही फांदी, ठळक शब्द ही तिची डहाळी, दुवा वेगळा, कोड वेगळा. प्लगिन फक्त साध्या मजकुराची पाने चाचपते. कोडच्या पानांकडे ते फिरकत नाही, आणि आधीच दुवा असलेल्या फांदीखाली उतरू नकोस अशी स्पष्ट ताकीद त्याला दिलेली आहे. त्यामुळे उलट्या अवतरणचिन्हांत, म्हणजे बॅकटिकमध्ये, लिहिलेला #12 जसाच्या तसा राहतो. कोडच्या चौकटीत रंगासाठी #336699 लिहिले असेल, तर त्याचा तीन लाख छत्तीस हजारावा इश्यू होत नाही. दुव्याच्या पोटात दुसरा दुवा शिरण्याचा घोळही टळतो. 'शोधा आणि बदला'ने या तिन्ही ठिकाणी मजकुराची माती केली असती. इथे हात लागायच्या आधीच वर्ज्य जागा आखून ठेवल्या आहेत.

आता नमुन्यांकडे, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनकडे वळू. इश्यू ओळखणारा नमुना दिसायला क्षुल्लक: # किंवा जीएच-, आणि पुढे आकडा. पण पहिल्या आकड्याची जागा नीट पाहा. तिथे शून्य ते नऊ लिहिलेले नाही, एक ते नऊ लिहिले आहे. शून्याला प्रवेश दुसऱ्या जागेपासून. गिटहबवर इश्यूंची मोजदाद एकपासून सुरू होते आणि कोणत्याही इश्यूच्या क्रमांकाला डावीकडे शून्ये नसतात. म्हणून #0 हा दुवा नव्हे, आणि #007 हाही नव्हे. जेम्स बाँडला इथे थारा नाही. एका चौकटी कंसातल्या एका आकड्यात एवढे ज्ञान मावले आहे.

नमुना जुळला म्हणजे काम झाले, असेही नाही. जुळलेल्या तुकड्याच्या लगेच आधी कोणते अक्षर आहे आणि लगेच नंतर कोणते, याची चौकशी होते. @ या खुणेने माणसाचा उल्लेख होतो, पण ईमेलच्या पत्त्यातही @ असतेच. तिथे @ च्या डावीकडे अक्षर चिकटलेले दिसते, आणि प्लगिन मागे सरते. नावाची लांबीही मोजलेली आहे: गिटहबवर वापरकर्त्याचे नाव 39 अक्षरांपलीकडे जात नाही, तर नमुनाही 39वर थांबतो. शिवाय दोन नावांना मुळातच मज्जाव आहे: 'मेन्शन' आणि 'मेन्शन्स'. पूर्वी गिटहब हे दोन शब्द @ लावून लिहिले की वापरकर्त्याकडे न नेता, उल्लेखांच्या सोयीची घोषणा करणाऱ्या स्वतःच्याच लेखाकडे नेत असे. जून 2019पासून, कदाचित त्याआधीपासूनच, ते बंद झाले, असे कर्त्याने शेजारच्या टिपेत लिहून ठेवले आहे. दुसऱ्याच्या घरातल्या बदललेल्या रीतीची इतकी बारीक दखल, तीही दोन शब्दांपुरती!

पण या फाइलमधली माझी सर्वांत आवडती जागा पुढे आहे. तिच्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी.

गिटमध्ये प्रत्येक कमिटला एक हॅश असतो: चाळीस चिन्हांची ओळख, जिच्यात शून्य ते नऊ हे आकडे आणि इंग्रजीतली ए ते एफ ही सहा अक्षरे एवढेच येऊ शकते. चाळीस चिन्हे कोणी लिहीत नाही. पहिली सात बहुधा पुरतात. म्हणून नमुना म्हणतो, सात ते चाळीस चिन्हे, सलग. आता अडचण बघा. ए ते एफ ही अक्षरे आहेत, आणि अक्षरांचे शब्द होतात. या सहाच अक्षरांत मावणारा, सात किंवा अधिक अक्षरांचा एखादा खराखुरा इंग्रजी शब्द असेल तर? वाक्यात सरळ अर्थाने आलेला शब्द कमिट समजून निळा होईल.

म्हणून कर्त्याने युनिक्स यंत्रांवर पूर्वापार असलेली शब्दांची यादी घेतली, तिच्यातून या सहा अक्षरांत मावणारे सात व त्याहून लांब शब्द चाळले, आणि जे हाती लागले त्यांची बंदीयादी केली. चाळण्यासाठी वापरलेली आज्ञाही शेजारी टिपेत दिली आहे, म्हणजे कोणालाही पडताळता यावे. यादीत पाच शब्द आहेत. 'अक्सीडेड', म्हणजे संमती दिली. 'डिफेस्ड', म्हणजे विद्रूप केले. 'इफेस्ड', म्हणजे पुसून टाकले. 'डीडीड' हा आज कोणी वापरत नसेल असा एक. आणि पाचवा, सगळ्यांत अनपेक्षित, 'फॅबेसी': वनस्पतिशास्त्रातले शेंगांचे कुळ. तूर, मूग, हरभरा आणि भुईमूग ज्या कुळातले, चिंच, पळस आणि पांगाराही ज्या कुळातले, त्याच्या नावाचे स्पेलिंग योगायोगाने ए ते एफमध्येच बसते. सॉफ्टवेअरच्या बदलनोंदीत हा शब्द किती वेळा येणार? बहुधा कधीच नाही. तरीही एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या प्रकल्पात डाळींच्या कुळाबद्दल एक वाक्य लिहिलेच, तर त्याचा शब्द शब्दच राहावा, हा विचार करून ठेवला आहे. भूपातून मध्यम आणि निषाद वगळलेले असतात म्हणून भूप भूप वाटतो. या प्लगिनचा स्वभाव मला या पाच वर्ज्य शब्दांत दिसला.

याच भागात एक गमतीची टीप आहे. हॅशच्या आधी एक पूर्णविराम असेल तर गिटहब दुवा लावत नाही. पण लागोपाठ दोन टिंबे असतील तर लावते. का? कर्त्याला कारण सापडलेले नाही. त्याने तसे प्रांजळपणे लिहिले आहे, खांदे उडवणाऱ्या माणसाचे चित्र काढले आहे, आणि मग ती विक्षिप्त वागणूक कोडमध्ये जशीच्या तशी उतरवली आहे. नक्कल करायची तर मूळ गायकाच्या खोकल्यासकट, असा हा प्रामाणिकपणा.

दुवा लावायचे ठरले की तो कसा दिसावा, यातही चोखंदळपणा आहे. हॅशची पहिली सात चिन्हेच दाखवायची, आणि तीही कोडच्या टंकात: एफ808317. माणसाचे नाव ठळक. तेही गिटहबवर ठळक दिसते म्हणून. आपल्याला नको असेल तर बंद करता येते. मला भुरळ पडली ती नावांच्या लांबी-आखूडपणाची. लांबलचक पत्ता सरळ चिकटवला तर प्लगिन तो आखूड करते, पण तीन तऱ्हांनी. इश्यू आपल्याच रेपोतला असेल तर नुसता #12. प्रकल्पाचे नाव तेच, पण मालक दुसरा, म्हणजे कोणीतरी केलेला फोर्क, असेल तर मालकाचे नाव आणि #12. प्रकल्पच वेगळा असेल तर मालक, तिरकी रेघ, प्रकल्प, मग #12. आपण बोलतो ते असेच. घरात 'आत आहे' पुरते. त्याच वाड्यातल्या दुसऱ्या बिऱ्हाडासाठी 'काकांकडे' म्हणावे लागते. परगावच्या माणसाला नाव, आडनाव आणि गाव सांगितल्याशिवाय भागत नाही. आणि हीच रीत उलटही चालते. लिहिताना कोणी नुसते मालकाचे नाव आणि #1 लिहिले, तर प्रकल्पाचे नाव आपल्याच घरचे धरले जाते.

पत्ता आखूड करण्याआधीही एक अट आहे, आणि ती लेखकाचा मान राखणारी आहे. दुव्यावर दिसणारा मजकूर आणि पत्ता तंतोतंत एकच असतील, तरच हात लावायचा. तुम्ही दुव्याला 'ती जुनी भानगड' असे स्वतःचे नाव दिले असेल, तर ते तसेच राहते. पत्ता एखाद्या प्रतिक्रियेचा असेल, तर आखूड रूपापुढे कंसात 'कॉमेंट' एवढे जोडले जाते, म्हणजे वाचणाऱ्याला कळावे की आपण थेट चर्चेच्या मध्यात उतरणार आहोत.

बाकीची यंत्रणा थोडक्यात. रेपो कोणता, हे सांगितले नाही तर प्लगिन पॅकेजच्या फाइलमधून वाचते. तिथेही नसेल तर अंदाज न करता चूक दाखवून थांबते. #12 हा इश्यू की पुल रिक्वेस्ट हे त्याला ठाऊक नसते, आणि गरजही नसते: दोघांची क्रमसंख्या एकच असल्यामुळे ते नेहमी इश्यूचा पत्ता देते आणि गिटहब योग्य दारात पोचवते. पत्ते बांधण्याचे काम आपल्या हाती घ्यायचे असेल तर स्वतःचे फंक्शन देता येते. त्याने 'नाही' म्हटले की तो दुवा लागत नाही.

कौतुक करताना उणे लपवू नये. गिटहबकडे माणसांची आणि कमिटांची नोंद आहे, त्यामुळे नसलेल्या माणसाकडे ते बोट दाखवत नाही. हे प्लगिन कोणालाच विचारत नाही. आकार जुळला की दुवा. साध्या वाक्यात सीएसएसमधले @मीडिया रोमनमध्ये लिहिले, तर त्या नावाच्या कोणा वापरकर्त्याकडे दुवा जाईल. आणि आपल्याकडची एक खास पंचाईत: दहा आकडी मोबाइल नंबर सलग टंकला तर तो सात ते चाळीसच्या नमुन्यात चपखल बसतो आणि अस्तित्वात नसलेल्या कमिटचा दुवा होतो. पाचानंतर एक मोकळी जागा सोडली की सुटका.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली गोष्ट. नमुन्याच्या आजूबाजूला 'अक्षर' आहे का, हे प्लगिन तपासते, असे वर म्हटले. पण जावास्क्रिप्टच्या त्या खुणेला फक्त रोमन लिपीतली अक्षरे, आकडे आणि अधोरेषा एवढेच 'अक्षर' वाटते. देवनागरी तिच्या हिशेबी अक्षर नव्हे. ऐकायला अपमान वाटतो, पण परिणाम पाहा. #12ला रोमन शेपूट चिकटवली तर दुवा मोडतो. आपण मात्र #12मध्ये, #12चा, #12वरून असे लिहितो, विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय आकड्याला चिकटवून. 'म' दिसताच प्लगिनला वाटते, शब्द इथे संपला. मग निळे होते ते नेमके #12, आणि 'मध्ये' बाहेर काळ्या शाईत राहते. हॅशला लागलेला 'ने' आणि माणसाच्या नावाला लागलेला 'ला' हेही तसेच सुटे होतात. मराठी व्याकरणाचा विचारही न करता लिहिलेला हा नमुना प्रकृती आणि प्रत्यय यांची फोड कोणत्याही वैयाकरणाला मान्य होईल अशी करतो.

पथ्य एकच. त्याच अंधत्वापायी #१२ त्याला दिसत नाही. तेव्हा बदलनोंद मराठीत बिनधास्त लिहा, प्रत्यय हवा तेवढा चिकटवा. आकडा तेवढा रोमन ठेवा.