उंदीर किती मोठा, यापेक्षा तो कुणाच्या घरात

आजचं पुस्तक जरा किळसवाणं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जेम्स हर्बर्ट या इंग्रज लेखकाची 'द रॅट्स' ही पहिलीच कादंबरी, साल १९७४. लहान कुत्र्याएवढे काळे उंदीर लंडनमध्ये माजतात आणि माणसं खातात. नुसता चावा बसला तरी माणूस चोवीस तासांत दगावतो. कथानक एवढंच. अशा पुस्तकावर व्याख्यान कशाला, असं कुणालाही वाटेल. पण भयकथेला दोन प्रश्न विचारता येतात, असं आम्हाला वाटतं. ती आपल्याला कशाची भीती घालते? आणि शेवटी दोष कुणाच्या माथी मारते?

पहिल्या प्रश्नात हर्बर्ट चांगल्या मार्कांनी पास होतो. बळी जाणाऱ्या माणसाची ओळख तो आधी करून देतो आणि उंदीर नंतर आणतो. पहिलाच बळी घ्या. हा एक फिरता विक्रेता. सहकाऱ्याशी असलेलं त्याचं प्रेम उघडं पडतं, लोक चेष्टा करतात, नोकरी सुटते, दारू लागते आणि तो रस्त्यावर येतो. हे सगळं मोजक्या पानांत. मग उंदीर येतात. म्हणजे उंदरांच्या आधी शहरानं त्याला खाल्लेलं असतं. पुढचे बेघर दारुडेही तसेच. ज्यांच्याकडे आपण रस्त्यानं जाताना बघत नाही, त्यांच्याकडे हा लेखक बघायला लावतो.

जागाही त्यानं नेमकी निवडली आहे. लंडनचा ईस्ट एंड म्हणजे गोदीकामगारांचा, गरिबांचा भाग. महायुद्ध संपून तीस वर्षं होत आली तरी तिथं पडकी घरं आणि घाणेरडे कालवे तसेच. हर्बर्ट स्वतः तिथलाच. नायक हॅरिस हा तिथल्याच शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. त्याचा राग उंदरांइतकाच ही वस्ती अशी सडत ठेवणाऱ्यांवर आहे. इथवर कादंबरी खरी वाटते.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र ती घसरते. उंदीर आले कुठून? तर न्यू गिनीहून. अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गानं बदललेली ही जात एका प्राणिशास्त्रज्ञानं चोरून लंडनला आणली आणि वाढवली. झालं! आपल्याकडे डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणतात ना, ते इथं अक्षरशः घडतं. (हशा) दोनशे पानं शहरावर आरोप ठेवायचा आणि निकालाच्या दिवशी परका उंदीर आणि एक वेडा संशोधक पुढे करायचा. नगरपालिका सुटली, घरमालक सुटले, सरकार सुटलं. उत्तरार्धात त्या छोट्या चरित्रांचाही डबा होतो. उंदरांना भूक लागली की लेखक नवा माणूस भरून देतो.

आता हेच आपल्याकडे आणून बघा. आपल्याला न्यू गिनीची गरज नाही, आपल्याकडे घूस आहे. जोत्याखाली पोखरते आणि घर खचेपर्यंत दिसत नाही. आणि साधा उंदीर काय करू शकतो, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराशेजारची धान्याच्या गोदामांची दाट वस्ती. पुढच्या वर्षी पुण्यात गोरे शिपाई रोगी शोधायला घराघरांत शिरले. लोक उंदरापेक्षा त्या शिपायांना भ्याले, आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रँडवरच्या गोळीबारात झाला. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. संशय माणसांवर आला. रोगी असणं हाच जणू गुन्हा ठरला. ही भीती हर्बर्टच्या हातून निसटली.

आणखी जवळचं सांगतो. आपण केडगावात बसलोय, बीड हा आपला शेजारचा जिल्हा. तिथल्या मामला गावात १९९४ च्या ऑगस्टमध्ये प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. आदल्या वर्षी सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीनं माणसं घराबाहेर, तात्पुरत्या निवाऱ्यात राहिली, धान्य मात्र घरातच राहिलं, आणि त्यावर उंदीर पोसले गेले, असं तेव्हा कारण सांगितलं गेलं. महिन्याभरात सुरतेत हाहाकार उडाला, लाखो लोक शहर सोडून पळाले. यात कुठला किरणोत्सर्ग? बंद घर, भरलेली कणगी आणि नेहमीच्याच आकाराचा उंदीर. भयकथेला एवढं सामान पुरेसं आहे. फक्त ती लिहिणाऱ्यानं खलनायक शोधायची घाई करू नये.

म्हणून आमचं मत असं. 'द रॅट्स' जरूर वाचावी, पूर्वार्धासाठी. आणि शेवटच्या पानासाठीसुद्धा. सगळं निस्तरलं असं वाटत असताना एका दुकानाच्या तळघरात अडकलेली उंदरीण पिल्लं घालते. वाचक याला पुढच्या भागाची सोय समजतात, आणि पुढचे भाग आलेही. पण आम्हाला तिथं हर्बर्ट नकळत खरं बोलून गेला असं वाटतं. शास्त्रज्ञ मेला तरी तळघर तसंच आहे.

उद्या कुणी मराठीत अशी कादंबरी लिहिणार असेल, तर एकच विनंती. उंदीर हवा तेवढा मोठा करा, पण आधी ते तळघर कुणाच्या मालकीचं आहे आणि त्यात राहायची वेळ कुणावर आली, ते लिहा. बाकीची भीती आपोआप येईल.

इथंच थांबतो.