डाकीण, चेटकीण आणि मूळ नक्षत्राची मुलगी

'अलबत्या गलबत्या' पाहिलेल्या पिढ्यांना चेटकीण म्हटले की दिलीप प्रभावळकर आठवतात. रत्नाकर मतकरींच्या या बालनाट्यातली चिंची चेटकीण अलीकडे वैभव मांगले यांनी रंगवली, आणि नव्या मुलांनीही तिला तितकेच डोक्यावर घेतले. मराठी मध्यमवर्गाच्या घरात चेटकीण शिरली ती बहुतांशी अशी: पुरुष नटाने सजवलेली, आधी दचकवणारी, मग हसवणारी, आणि पडदा पडल्यावर घरी सोबत न येणारी. यात मतकरींचा दोष काढण्याचा हेतू नाही. बालरंगभूमीला जे हवे होते ते त्यांनी फार उत्तम दिले. पण एखाद्या भाषेच्या साहित्यात एखादे पात्र कोणत्या दाराने येते, हे पाहणे समीक्षेचे कामच आहे.

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावाच्या दक्षिणेला तापीचे सपाट, सुपीक खोरे आहे आणि उत्तरेला सातपुडा. १९९८ च्या १ जुलैला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचा हा मधला पट्टा. तापीकाठच्या प्रकाशाला लोक दक्षिण काशी म्हणतात, तिथे तीर्थविधी चालतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. वर डोंगरात काठीची राजवाडी होळी, आणि सीमेपलीकडे देवमोगऱ्याची याहा मोगी. पंचांगातला मुहूर्त आणि भगताचे दाणे ही दोन्ही या पट्ट्यात एका दिवसाच्या वाटेवर मिळतात. चेटकिणीबद्दल आपण मराठीत जे लिहिले ते इथे आणून ठेवले, तर बरेचसे विरून जाते. कारण इथला शब्द डाकीण आहे, आणि त्या शब्दाला कोणी हसत नाही.

शब्दांचा भूगोल इथे महत्त्वाचा आहे. मराठवाडा-विदर्भात भानामती, कोकणात चेटूक, सगळीकडे थोडीफार करणी आणि मूठ. यांतले बहुतेक शब्द कृतीची नावे आहेत: कोणीतरी काहीतरी केले. डाकीण हे कृतीचे नाव नाही, माणसाचे आहे. आणि ते नाव कोणीही स्वतःला घेत नाही. भगत स्वतःला भगत म्हणवतो, ज्योतिषी पाटी लावतो, मांत्रिक जाहिरात देतो. डाकीण मात्र नेहमी दुसऱ्याने ठरवलेली असते. संस्कृतातली डाकिनी तंत्रमार्गात, विशेषतः वज्रयान बौद्धांत, पूज्य आणि सामर्थ्यवान देवता होती. ती सातपुड्याच्या बोलींत उतरताना पूज्यता वाटेत कुठेतरी गळाली आणि सामर्थ्याचा संशय तेवढा उरला.

तो संशय कसा आकार घेतो हे समजून घ्यायला अलौकिकाची गरज पडत नाही. मूल तापाने जाते, म्हैस आटते, धडधाकट माणूस दोन दिवसांत मरतो. दवाखाना लांब असतो, आणि जवळ असला तरी तिथला डॉक्टर 'कशाने' एवढेच सांगतो. 'मलाच का' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. भगत किंवा बडवा दाणे पाहतो आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. उत्तरात एक बाई असते. ती बहुधा परकी नसते. भावकीतली, शेजारच्या घरातली, चुलती, जाऊ, कधी सख्खी आई. पुढचा क्रम ठरलेला: दंड, मारहाण, गावाबाहेर काढणे, आणि काही वेळा खून. झारखंड आणि इतर राज्यांतल्या अशा घटनांवर गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी दीर्घकाळ काम केले आहे. बाईचा जमिनीवरचा हक्क आणि तिच्यावर येणारा आळ यांचा संबंध त्यांनी दाखवला. सातपुड्याला हे सूत्र जसेच्या तसे लावू नये. इथे नवरा-मुले असलेल्या बायकांवरही आळ येतो. पण सातबारा बाजूला ठेवून डाकिणीविषयी बोलता येत नाही, इतके तरी मान्य व्हावे.

आता आपल्या साहित्याकडे वळू. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने गूढकथेला घर दिले, आणि नारायण धारपांनी तिला मोठा वाचकवर्ग दिला. धारपांचे जग तर्कबुद्धीला जवळचे वाटते; माणसे सुशिक्षित, भाषा स्वच्छ, संशय घेणारी. पण त्या जगाचा पाया असा की अशुभ खरोखर आहे. समर्थांसारखा कोणीतरी अधिकारी पुरुष ते ओळखतो आणि त्याचा बंदोबस्त करतो. कथेच्या नियमात हे चोख बसते. फक्त हा साचा भगताच्या साच्याशी किती जुळतो, हे आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही. अशुभ आहे, ते कुणाच्या तरी ठायी वसते, जाणकार ते शोधतो, आणि ते नष्ट झाल्यावर घर पूर्ववत होते. वाचक सुटकेचा श्वास टाकतो. धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेल्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटात भयाचे केंद्र आहे साखळदंडातली, सतत भुकेलेली म्हातारी. चित्रपट म्हणून ती प्रतिमा विलक्षण आहे, विसरता येत नाही. पण एकटी, म्हातारी, नीट खायला न मिळालेली बाई ही कल्पनेतली राक्षसीण नाही. डाकीण म्हणून बोट दाखवायला गावात सर्वांत सोपी असते ती हीच. आपण जिला पाहून किंचाळतो तिच्याविषयी गावही किंचाळलेले असते, इतकाच फरक की तिथे दिवे लागत नाहीत.

मतकरींच्या प्रौढ गूढकथेचे तसे नाही. तिथे भय बऱ्याचदा माणसाच्या आत असते. संशय घेणारा आणि संशयित यांच्यातली रेषा ते मुद्दाम पुसट ठेवतात. मला वाटते, डाकिणीची गोष्ट मराठीत लिहायची तर हत्यार म्हणून धारपांपेक्षा मतकरी अधिक उपयोगी पडतील. त्यांनी ते खोलीच्या चार भिंतींत वापरले, गावाच्या चावडीवर नेले नाही, एवढेच.

आदिवासी जीवनावरच्या बिगरआदिवासी लेखनात भगत भरपूर आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'चा नायक भगताचाच मुलगा. ठाकरांच्या त्या जगात पुण्य, देव आणि डोंगर यांच्याविषयीची दांडेकरांची ओढ खरी आहे, आणि कादंबरीची ताकदही तिथेच आहे. पण ओढ असली की त्या जगातला अन्याय नजरेआड होतो. दुसऱ्या टोकाला प्रबोधनपर लेखन. तिथे अन्याय स्पष्ट दिसतो, आकडा-तारखेसह दिसतो, मात्र बाई 'पीडित' या एका शब्दात मावते. तिला वाचवणाऱ्या कार्यकर्त्याला संवाद मिळतात, तिला क्वचितच. शहाद्याच्याच भूमीतून आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आलेले कवी वाहरू सोनवणे यांनी 'गोधड' (१९८७) मधल्या 'स्टेज' या कवितेत हे दुखणे फार पूर्वी बोलून दाखवले: आमचे दुःख आम्हालाच सांगणारे वर, आणि आम्ही खाली. ही कविता आपण सभांमधून पुष्कळ वाचतो. गूढकथेच्या आणि प्रबोधनाच्या समीक्षेला ती लावून पाहत नाही.

इथवर बहुतेक वाचक सोबत असतील, कारण डाकीण आपल्यापासून लांब आहे. आता पंचांग उघडू. विवाहाच्या संदर्भात जुन्या मुहूर्तग्रंथांत आणि त्यांच्या आधाराने पंचांगांत वधूच्या जन्मनक्षत्राचा एक विचार दिलेला असतो. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला घातक, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला, विशाखेची धाकट्याला. चरणांचे अपवाद दिलेले असतात, शांतीही सांगितलेली असते. पण मांडणी पाहा. घरात मृत्यू होणार, त्याचे कारण बाहेरून आलेली एक तरुण बाई असणार, आणि हे तिला स्वतःला माहीत नसले तरी जाणकाराला कळणार. भगत दाणे मोजतो, इथे चरण मोजतात. मंगळाच्या मुलींची लग्ने अडतात, 'पांढऱ्या पायाची' हा शब्द अजून वापरात आहे. ज्योतिषाचे समर्थक म्हणतात की ते कारण आकाशात ठेवते, माणसावर ढकलत नाही. शनीच्या साडेसातीपुरते ते खरे आहे. शनीला कोणी गावाबाहेर काढू शकत नाही. वधूच्या नक्षत्राशी आलो की कारण आकाशातून खाली उतरते आणि उंबरठ्यावर माप ओलांडत उभे राहते.

दोन्हींचे परिणाम सारखे आहेत असे कोणी म्हणणार नाही. एकात खून होतो, दुसऱ्यात स्थळ मोडते. पण विचाराचा साचा एकच असताना एकाला आपण अघोरी म्हणतो आणि दुसऱ्याला शास्त्र. हा भेद कायद्यातही उतरलेला आहे. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. वर्षानुवर्षे अडकलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो विधिमंडळात संमत झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते असे भासवून तिच्याविषयी संशय निर्माण करणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. सातपुड्यातल्या बाईसाठी हे कलम मोलाचे आहे, यात शंका नाही. त्याच कायद्यात काय काय वगळले याची यादीही आहे. वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि इतर ज्योतिषी यांचा सल्ला त्या यादीत सुखरूप आहे. राजकीय तडजोडीशिवाय कायदा होत नाही, हे दाभोलकरांनाही ठाऊक होते. तरी नंदीबैलवाल्याला कायद्याच्या भाषेत ज्योतिष्याशेजारी बसलेला पाहून गंमत वाटते. एरवी त्याला कोणी त्या ओसरीवर चढू दिले नसते.

ज्योतिषाची पारख झालेलीच नाही असेही नाही. जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह २००८ साली एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, आणि प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस दिल्या. सांगायचे एवढेच की कोणती पत्रिका कोणत्या गटातली. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघालेल्या उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के. नाणे उडवले असते तर थोडे बरे झाले असते. त्याने पत्रिका पाहणे थांबले नाही, आणि थांबेल अशी अपेक्षाही भाबडी होती. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाच्या अभ्यासक्रमाला दार उघडले होते, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. आणि 'मनोरंजन'च्या १९०९ च्या अंकापासून सुरू झालेल्या आपल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत वार्षिक राशिभविष्य हे बहुधा सर्वांत आधी उघडले जाणारे पान आहे. संशोधनपर लेखाच्या लेखकाने हे मनावर घेऊ नये.

शहरात एवढ्यात एक तिसरा प्रकार आला आहे: टॅरो, स्फटिक, पौर्णिमेचे विधी, आणि स्वतःला अभिमानाने 'विच' म्हणवणाऱ्या तरुण स्त्रिया. या पंथाचे मूळ आधुनिक इंग्लंडात आहे. तिथला जुना जादूटोणा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी हे नाव भारतात उघडपणे घेतले, आणि खेड्यांत डायन ठरवल्या गेलेल्या बायकांच्या बाजूनेही त्या बोलल्या, हे त्यांच्या खात्यावर मांडले पाहिजे. बाकी बऱ्याच जणींसाठी ते बिरुद आहे; शिवीचा दागिना करण्याची चाल जुनी आणि कधीकधी धाडसाचीही. मात्र ती चाल खेळायला आधी सुरक्षित घर लागते. अक्राणीतली एखादी बाई 'होय, मी डाकीण' म्हणाली, तर ती कबुली ठरेल.

डोंगरातले अध्यात्म म्हणजे केवळ हीच भीती, असा ग्रह मात्र करून घेऊ नये. तळोदे तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास आरतीच्या मेळ्यांतून हजारो भिलांना दारू सोडायला लावली. एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवले. अंबरसिंग सुरतवंतींनी भजनाची भाषा जमिनीच्या लढ्यात आणली. दोघांकडे पाहायला श्रद्धा आणि अंधश्रद्धा ही आपली जोडी अपुरी पडते. वसाहतकालीन अधिकाऱ्यांकडेही फार वेगळी जोडी नव्हती. मेवाडात १८५३ साली डाकण प्रथेवर बंदी आली. डांग-खानदेशातल्या या हिंसेचा अजय स्कारिया यांनी १९९७ मध्ये अभ्यास मांडला, तो इंग्रजीत. मराठीत त्यावर चर्चा झाली असती तर आपल्या गूढकथेची समीक्षा कदाचित वेगळी लिहिली गेली असती.

ती गोष्ट लिहिण्याचे साहित्य कुठे शोधायचे हा प्रश्न उरतो. लोककथांत डाकीण आहे, पण ती ठरवणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेली. भगताच्या मंत्रांत ती शत्रू आहे. तिचे स्वतःचे बोलणे बहुधा एकाच ठिकाणी सापडते: पोलीस ठाण्यातल्या जबाबात. भिलीत किंवा पावरीत सांगितलेले, हवालदाराने मराठीत उतरवून घेतलेले, 'समक्ष विचारले वरून सांगते की' या शब्दांनी सुरू होणारे, आणि शेवटी अंगठा.